डुकराची वीण

कत्तलखान्यातून आणलेले डुकराचे स्वादुपिंड साबणाच्या पाण्याने दिवसचे दिवस धुतले, त्यातली पेशी न् पेशी काढून टाकली, तर मागे जे उरते ते डुकराचे असते का? प्रश्न प्रयोगशाळेतला आहे आणि तिथे त्याचे उत्तर मोजमापाने दिलेही जाते. पण तो निम्मा भाषेचाही आहे. आज ना उद्या हे धुतलेले स्वादुपिंड मधुमेहाच्या पेशी-उपचारात रुग्णाच्या शरीरात जाण्याची शक्यता आहे. त्या वेळी मराठी रुग्णाला ते कोणत्या शब्दांत सांगितले जाईल, याचा विचार डॉक्टरांवर सोडून भाषेच्या अभ्यासकांनी बाजूला बसावे, हे आम्हाला पटत नाही.

आधी वस्तुस्थिती. टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. या पेशी स्वादुपिंडभर विखुरलेल्या बारीक पुंजक्यांत असतात. बर्लिनमधल्या पाउल लँगरहॅन्स या विद्यार्थ्याने १८६९ सालच्या प्रबंधात या पुंजक्यांचे वर्णन केले. त्यांचे काम काय, हे मात्र त्याला सांगता आले नाही. पुढे क्षयाच्या आजाराने तो मदेरा बेटावर जाऊन राहिला आणि १८८८ साली तिथेच वारला. त्यानंतर पाच वर्षांनी लागेस या फ्रेंच संशोधकाने त्या पुंजक्यांना 'लँगरहॅन्सची बेटे' असे नाव दिले. 'इन्सुलिन' हा शब्दही बेटाच्या लॅटिन नावावरूनच आलेला आहे. म्हणजे नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकटेपणाचे चित्र होते: भोवती मांसाचा समुद्र आणि मध्ये बेट.

चित्र सुंदर आहे, पण फसवे आहे. हे बेट भोवतालाशी शेकडो धाग्यांनी बांधलेले असते. कोलॅजेन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन अशा प्रथिनांचे एक अतिसूक्ष्म जाळे पेशींच्या बाहेर पसरलेले असते. पेशी त्याला धरून राहतात, आणि त्याच्यामार्फत त्यांना कुठे थांबायचे, केव्हा वाढायचे, किती स्रवायचे याच्या खुणा मिळतात. उंदरांवरच्या अभ्यासांत तर असे दिसले की, बीटा पेशी आपल्या पाठीशी असलेला हा आधारपट स्वतः विणतच नाहीत; शेजारच्या केशवाहिन्यांच्या पेशी तो त्यांना विणून देतात. बेट म्हणवणाऱ्याला शेजाऱ्यावाचून जगता येत नाही, असा हा प्रकार.

आता दात्याच्या स्वादुपिंडातून ही बेटे वेगळी काढायची असतील तर ते धागे कापावेच लागतात. त्यासाठी कोलॅजेन पचवणारे, जिवाणूंपासून मिळवलेले एक विकर वापरतात. कॅनडातल्या एडमंटन येथे जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी अशी सोडवलेली बेटे सात रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली आणि सातही जणांचे इन्सुलिन सुटले. २००० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पाच वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा इन्सुलिनशिवाय राहू शकणारे दहांत एखादेच होते, जरी बहुतेकांच्या शरीरात थोडेफार इन्सुलिन तयार होत होते. कारणे अनेक: प्रतिकारशक्तीचा हल्ला, रक्ताशी थेट गाठ पडल्यामुळे होणारा दाह, प्राणवायूची टंचाई. त्यांतलेच एक कारण असे, की धाग्यांपासून तुटलेली पेशी पुष्कळदा स्वतःच मरणाचा मार्ग धरते. या मरणाला १९९४ साली फ्रिश आणि फ्रान्सिस या संशोधकांनी ग्रीकवरून 'अनोइकिस' असे नाव दिले. 'ओइकोस' म्हणजे घर. अनोइकिस म्हणजे घर नसणे. ग्रीक 'ओइकोस' आणि संस्कृत 'वेश्म' एकाच मुळातले आहेत, हे आपल्या वर्गात सांगण्याजोगे. आपल्याकडे 'अनिकेत' हा शब्द विरक्ताच्या गौरवाचा आहे, आपण तो कौतुकाने मुलांची नावे ठेवायला वापरतो. पेशीच्या बाबतीत मात्र अनिकेत होणे म्हणजे सरळ मरणे.

तर, पेशीला घर द्यायचे. पण घर बांधायचे कसे? माणसाला ते अजून बांधता येत नाही. म्हणून दुसऱ्याचे घर रिकामे करून घ्यायचे, ही या सगळ्या खटाटोपामागची कल्पना. २००८ साली मिनेसोटा विद्यापीठात हाराल्ड ऑट आणि डोरिस टेलर यांनी उंदराच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतून डिटर्जंट वाहू दिले. लाल स्नायू विरघळून गेला आणि हृदयाच्या आकाराचे पांढुरके, अर्धपारदर्शक जाळे उरले. त्यात नव्या पेशी सोडल्यावर आठेक दिवसांनी ते क्षीणपणे धडधडू लागले. वृत्तपत्रांनी त्याला 'भुताचे हृदय' म्हटले. पुढे यकृत, फुफ्फुस, मूत्रपिंड असे एकेक अवयव धुऊन झाले आणि २०१३ पर्यंत स्वादुपिंडाची पाळी आली: पिट्सबर्गमध्ये उंदराचे, तर नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट संस्थेत डुकराचे.

स्वादुपिंड धुणे हे हृदय धुण्यापेक्षा किचकट. हा अवयव अन्न पचवणारी विकरे बनवतो. प्राणी मेला की ती विकरे सुटतात आणि अवयव स्वतःलाच पचवू लागतो. म्हणून तो काढल्याबरोबर बर्फात ठेवावा लागतो, विकरांना रोखणारी द्रव्ये मिसळावी लागतात. चरबी ही दुसरी अडचण. माणसाच्या स्वादुपिंडात ती इतकी असते की, पेशी काढून झाल्यावरही चरबी वेगळी न काढल्यास शेवटचे द्रव्य नीट गोठत नाही, असे विस्कॉन्सिनच्या संशोधकांना आढळले. मग धुणे. अवयव अख्खा ठेवायचा असेल तर त्याच्या वाहिनीत नळी घालून आधी साधे पाणी आणि मग डिटर्जंट हळूहळू वाहू द्यायचे. अख्खा नको असेल तर बारीक तुकडे करून ते घुसळत ठेवायचे. वापरले जाणारे एक डिटर्जंट शांपूत आणि टूथपेस्टमध्ये असते तेच. नंतर डीएनए तोडणारे विकर, पुन्हा पाणी, मग निर्जंतुक करण्यासाठी अतिसौम्य आम्ल. उरलेले जाळे गोठवून सुकवतात आणि त्याची भुकटी करतात. ही भुकटी आम्लात पेप्सिनबरोबर दोनेक दिवस ढवळली की विरघळते. तिचा आंबटपणा घालवून ती शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर, आणली की तिची जेली होते. त्या जेलीत बेटे रोवायची. इथे एक गोष्ट बहुधा कुणी सांगत नाही: प्रयोगशाळेत वापरले जाणारे पेप्सिन हे सहसा डुकराच्याच जठरातून काढलेले असते. डुकराचे स्वादुपिंड डुकराच्याच जठररसात विरघळवायचे आणि निघालेल्या द्रव्याला 'जैविक हायड्रोजेल' म्हणायचे.

'पॅन्क्रियास' या ग्रीक नावाचा अर्थ 'सगळे मांसच मांस'. त्याच अवयवातले मांस तेवढे काढून बाकीचे ठेवण्याचा हा उद्योग, यातला विरोध भाषेच्या माणसाला जाणवल्याशिवाय राहत नाही.

ही क्रिया मराठी वाचकाला समजावून देण्यासाठी भुतांची गरज नाही. वेलीवर वाळलेले घोसाळे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. गर आणि साल झडून गेली की आतली जाळी राहते आणि ती अंग घासायला न्हाणीघरात जाते. त्याहून जवळचे उदाहरण जाळीदार पिंपळपानाचे. पान पाण्यात कुजत ठेवले की हिरवा गर निघून जातो आणि शिरांची नक्षी उरते. योगायोग असा की, २०१७ साली अमेरिकेत वूस्टरच्या संशोधकांनी पालकाच्या पानातल्या पेशी डिटर्जंटने काढून टाकल्या आणि त्याच्या शिरांच्या जाळीवर माणसाच्या हृदयपेशी वाढवल्या. म्हणजे पिंपळपान ही केवळ उपमा नाही, तीच क्रिया आहे. फक्त एक सावधगिरी हवी. वहीतले पिंपळपान आपल्या कवितेने आणि भावगीतांनी इतके आठवणींनी भरून टाकले आहे की, त्या उपमेबरोबर 'जाळीला आठवण असते' हे विधानही आपण न तपासता गिळून टाकू. जाळीला आठवण असते की नाही, हा तर इथला खरा वाद आहे.

या जाळ्याला इंग्रजीत दोन नावे आहेत. एक 'स्कॅफोल्ड', म्हणजे बांधकामावरची परांची. दुसरे 'मॅट्रिक्स'. पहिले नाव अभियंत्यांना आवडते, कारण परांची मुकी असते. ती कुणाची होती हे कुणी विचारत नाही आणि इमारत उभी राहिली की ती सोडून नेतात. शरीरात घातलेले हे जाळेही काही महिन्यांत विरते आणि त्या जागी रुग्णाच्या पेशी स्वतःचे जाळे विणतात, तेव्हा परांची अगदीच खोटी नाही. पण बांबू गवंड्याला भिंत कुठे घालायची हे सांगत नाही, आणि हे जाळे पेशीला नेमके तेच सांगते. 'मॅट्रिक्स' हा शब्द आईच्या लॅटिन नावावरून आलेला. त्याचा जुना अर्थ गर्भाशय. मराठी शास्त्रलेखनात यासाठी कुठे 'आधारद्रव्य', कुठे 'आधारक' असे शब्द दिसतात. ते चुकीचे नाहीत, पण निर्जीव आहेत.

आमची सूचना 'वीण' या शब्दाची आहे. शालीची वीण असते, नात्यांची वीण असते, कथेची वीण घट्ट किंवा सैल आहे हे तर आपण परीक्षणात उठता-बसता लिहितो. पण 'वीण' म्हणजे प्रसवणेही. पक्ष्यांचा विणीचा हंगाम असतो. म्हणजे विणकाम आणि जन्म हे दोन्ही अर्थ एकाच अक्षरजोडीत आहेत. लॅटिन शब्दातला गर्भाशयाचा अर्थ आणि शरीरशास्त्रातला जाळ्याचा अर्थ दोन्ही तिथे आपोआप येतात. शब्दकोशात इतके नशीब क्वचित लाभते. 'पेशीबाह्य वीण' म्हणावे, आणि पेशी काढण्याच्या क्रियेला 'निष्पेशीकरण' म्हणण्याऐवजी 'पेशी धुऊन वीण ठेवणे' असे सरळ सांगावे. एक आक्षेप आम्हाला आताच ऐकू येतो: 'डुकराची वीण' म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उकिरड्यावरची पिलावळ येईल. येईल. येऊ द्यावी. शब्दाने डुक्कर लपवले नाही, हा आमच्या लेखी त्याचा गुण आहे.

कारण या क्षेत्रात दोन विधाने एकाच वेळी केली जातात आणि ती शेजारी शेजारी ठेवून क्वचितच तपासली जातात. पहिले विधान सुरक्षिततेसाठी: धुतल्यावर प्राण्याचे काही उरत नाही, ही निव्वळ प्रथिनांची चौकट आहे. दुसरे विधान उपयुक्ततेसाठी: ही वीण स्वादुपिंडाचीच असल्यामुळे तिच्यात त्या अवयवाच्या खास खुणा टिकून आहेत, म्हणून कारखान्यात बनवलेल्या जेलीपेक्षा ती सरस. काहीच उरले नसेल तर खुणा कुणाच्या? आणि खुणा उरल्या असतील तर 'काही उरत नाही' हे खरे कसे? दोन्ही विधाने आपापल्या जागी अर्धी खरी आहेत. डुकराच्या पेशी जातात. डुकराने विणलेले राहते. कोलॅजेनसारखी प्रथिने डुकरात आणि माणसात बरीच सारखी असल्यामुळे ती बहुधा चालून जातात. पण सगळेच काही सारखे नसते. डुकराच्या ऊतींवर एक शर्करा-खूण असते, जी माणसात नसते आणि जिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या सर्वांच्या रक्तात असतात. साधे धुणे ती पूर्ण घालवतेच असे नाही. ही खूण नसलेली, जनुक बदललेली डुकरे अमेरिकेत २०२० साली मंजूर झाली ती उगाच नव्हे.

मोजमापही पाहू. २०११ साली पिट्सबर्गच्या स्टीफन बॅडिलॅक यांच्या गटाने असा निकष सुचवला की, कोरड्या विणीच्या एका मिलिग्रॅममध्ये दुपदरी डीएनए ५० नॅनोग्रॅमहून कमी असावा, उरलेले तुकडे २०० जोड्यांहून आखूड असावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीकेंद्रे दिसू नयेत. 'शून्य' असे कुणी म्हटलेले नाही. त्याआधीच्या तपासण्यांत बाजारात असलेल्या कितीतरी उत्पादनांमध्ये डीएनएचे अवशेष मिळाले होते. जास्त धुवावे तर खुणा वाहून जातात आणि मागे राहिलेले डिटर्जंटच नव्या पेशींना मारते. कमी धुवावे तर डुक्कर उरते. धोब्यालाही ठाऊक असलेला हा पेच आहे: डाग जावा आणि रंग राहावा.

हा पेच नुसता तात्त्विक नाही. २००३ साली व्हिएन्नाच्या हृदयशल्यचिकित्सकांनी चार मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना डुकराच्या हृदयाच्या, पेशी काढून टाकलेल्या झडपा बसवल्या होत्या. अपेक्षा अशी की, मुलांच्या स्वतःच्या पेशी त्या विणीत वस्तीला येतील आणि झडप मुलाबरोबर वाढेल. तीन मुले दगावली; चौथ्याची झडप वेळीच काढून टाकली. काढलेल्या झडपांत तीव्र दाह होता, चुन्याचे साठे होते, आणि मुलांच्या पेशींनी तिथे घर केलेच नव्हते. बसवण्यापूर्वीच्या नमुन्यांची तपासणी केली तेव्हा त्या पूर्ण धुतल्या गेल्या नव्हत्या असे दिसले. 'पेशीरहित' हे विशेषण त्या झडपांना लावलेले होते, आणि ते विशेषण खरे नव्हते.

स्वादुपिंडाच्या पेशींना स्वादुपिंडाचेच घर लागते का, याविषयीही आम्ही थोडे साशंक आहोत. मिलानच्या सान राफाएले संस्थेच्या संशोधकांनी २०१९ साली उंदराच्या फुफ्फुसाची वीण धुऊन घेतली, तिच्यात केशवाहिन्यांच्या पेशी आणि बेटे वसवली, आणि ती मधुमेही प्राण्यांत कामाला लागली. बेटे फुफ्फुसाच्या घरात नांदली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांनी समुद्रशेवाळातून मिळणारे अल्जिनेट आणि कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणारे कायटोसान यांच्या वेष्टनात बेटे ठेवून पाहिली होती. तिथे डुक्कर नव्हते. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूळपेशींपासून बनवलेली बेटे कोणत्याही विणीविना यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली आणि पूर्ण मात्रा मिळालेल्या बारांपैकी दहा रुग्णांचे वर्षअखेर इन्सुलिन सुटले होते, अर्थात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेऊन. त्याच वर्षी स्वीडनमधून जनुक बदललेली बेटे एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत, ती औषधे न देता, जिवंत राहिल्याचे वृत्त आले. धुतलेल्या स्वादुपिंडाने अजून माणसाच्या मधुमेहावर असे काही करून दाखवलेले नाही. त्याचा पुरावा आहे तो प्रयोगशाळेतला आणि प्राण्यांतला. ते निरुपयोगी ठरेल असे आम्ही म्हणत नाही. पेशी कमी लागाव्यात, जास्त टिकाव्यात, यासाठी त्याचा उपयोग होईलही. पण 'घर' या शब्दाच्या ओढीने पुरावा आहे त्याहून मोठा दिसू नये. घर म्हटले की आपण हळवे होतो, आणि हळवा वाचक आकडे विचारत नाही.

आता संमतीविषयी. २०१९ च्या नव्या औषधांसंबंधीच्या भारतीय नियमांनुसार चाचणीत भाग घेणाऱ्याची संमती त्याला समजेल अशा, अतांत्रिक भाषेत लेखी घ्यावी लागते. नियम उत्तम आहे. आमच्यातल्या एकाकडे काही वर्षांपूर्वी अशा पत्रकाचा मराठी मसुदा भाषा तपासण्यासाठी आला होता. विषय मधुमेहाच्या पेशींचा नव्हता, मधुमेही पायाच्या न भरणाऱ्या जखमेवर लावायच्या पट्टीचा होता. त्या वाटेने धुतलेली प्राणिज वीण रुग्णांपर्यंत कधीच पोहोचलेली आहे. मसुद्यात पट्टीचे वर्णन असे होते: 'जैविक उद्गम असलेली त्रिमितीय अपेशीय संरचना'. व्याकरण निर्दोष, शुद्धलेखन निर्दोष. प्राण्याचे नाव पूर्ण पत्रकात एकदाच, तेही इंग्रजी 'पोर्साइन' देवनागरीत लिहून. जखम घेऊन आलेल्या शेतकऱ्याला 'पोर्साइन' म्हणजे काय हे कळण्याचा संभव किती? 'डुकराच्या आतड्याचे अस्तर' असे लिहा म्हटल्यावर उत्तर आले: रुग्ण घाबरतील.

या उत्तरात तथ्य नाही असे नाही. उपचाराचा लाभ होऊ शकणारा माणूस केवळ एका शब्दाने परत फिरला तर ते डॉक्टरला खुपणारच. पण हा युक्तिवाद रुग्णाला लहान समजतो. मुसलमान रुग्ण, जैन रुग्ण, शाकाहारी हिंदू, वारकरी, यांपैकी कोण कशाला नकार देईल हे आपण परस्पर ठरवू शकत नाही. जिवावर बेतल्यावर पुष्कळ जण हो म्हणतील. त्यांच्या धर्मपरंपरांतही अशा प्रसंगांचा विचार झालेला आहे. डुकराच्या हृदयाच्या झडपा कितीतरी दशके माणसांना बसवल्या जात आहेत. तो होकार त्यांचा असावा, एवढेच आमचे म्हणणे. आणि नकार असेल तर तोही. डुकराचे नाव घेतल्याने काम अडतेच असे नाही, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे: तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयाची वीण धुऊन जखमेवरचे आवरण तयार केले, त्याला २०२३ साली औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, आणि ती जाहीर करताना ते कुणाचे पित्ताशय हे लपवले गेले नाही.

मधुमेहाच्या इतिहासात प्राणी कायम होताच, आपण त्याचे नाव घेतले नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे १८९३ च्या डिसेंबरात पंधरा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलाच्या कातडीखाली नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे शिवले होते. तीन दिवसांनी तो गेला. १९२२ पासून जे इन्सुलिन जगभर माणसांना वाचवत आले ते जवळजवळ साठ वर्षे बैलांच्या, गाईंच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतूनच येत होते. जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन १९८२ साली बाजारात आले, आणि त्यानंतरही प्राणिज इन्सुलिन आपल्याकडे बराच काळ वापरात होते. महाराष्ट्रातल्या किती सोवळ्या घरांतून रोज सकाळी देवपूजेआधी ते टोचले गेले असेल! त्यात आम्हाला दांभिकता दिसत नाही. कुणी सांगितलेच नव्हते. गोहत्येवर इतके लिहिणाऱ्या मराठी भाषेने गाईच्या स्वादुपिंडावर जगलेल्या माणसांविषयी किती लिहिले, हे शोधण्याजोगे आहे. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय म्हणून घ्यावा.

असो. नुसती तक्रार करून थांबू नये म्हणून, उद्या असे पत्रक मराठीत लिहायची वेळ आली तर ते कसे असावे, याचा एक मसुदा आम्ही करून पाहिला: 'तुमच्या शरीरात ज्या पेशी सोडणार आहोत त्यांना धरून राहायला आधार लागतो. तो आधार डुकराच्या स्वादुपिंडापासून केला आहे. डुक्कर मारल्यावर त्याचे स्वादुपिंड काढून त्यातल्या डुकराच्या पेशी धुऊन टाकल्या आहेत. पेशींभोवतीची वीण ठेवली आहे. ती डुकराच्या शरीराने विणलेली आहे. धुताना डुकराचा अंश पूर्ण जात नाही, ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली आणला जातो. ही वीण काही महिन्यांत तुमच्या शरीरात विरेल अशी अपेक्षा आहे. ती न वापरताही या पेशी देण्याचे मार्ग शोधले जात आहेत. त्यांविषयी तुम्ही विचारू शकता.' नऊ वाक्ये. यात एकही शब्द असा नाही, जो चौथी शिकलेल्या माणसाला अडावा. 'विणलेली आहे' च्या ऐवजी 'बनवलेली आहे' असावे, असे आमच्यातल्या एकाचे मत पडले; बहुमताने 'विणलेली' राहिले. पेप्सिन डुकराच्या जठरातून आलेले असते, हे वाक्य घालावे की नाही, यावर मात्र तीन बैठकांनंतरही आमचे एकमत झालेले नाही.